पाण्याचा थेंब जाता कामा नये

भरती-ओहोटीच्या वेळा माझ्या मोबाईलमध्ये आहेत, हे गावी सांगितलं तर लोक हसतील. मी हिंगोलीकडचा. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, बोअर आणि उन्हाळ्यात टँकर. समुद्राचं पाणी रोज येतं आणि रोज जातं, हे शाळेत शिकवलंही असेल. पण आठवीनंतर शाळा सुटली, आणि ज्यावर आपलं काही अडत नाही ते डोक्यात राहत नाही. आता अडलंय. सकाळी डोळे उघडले की मी आधी बोईसरजवळच्या घिवलीची ओहोटी बघतो, मग तोंड धुतो.

कारण घिवलीच्या ओल्या वाळूत एक गाडा फिरतो, आणि त्याचा कार्बोरेटर मी बसवलेला आहे.

गाडा म्हणजे एटीव्ही. किनाऱ्यावर पर्यटकांना गरागरा फिरवायला जाड टायरांची चारचाकी बाईक असते ना, ती. खाऱ्या हवेने सडलेली अशी एक बाईक मावशीच्या नवऱ्याने भंगारातून उचलली. मूळ इंजिन जाम झालं होतं. कुणीतरी त्यात दीडशे सीसीच्या मोटरसायकलचं इंजिन बसवून दिलं, मागे ट्रॉली जोडली, आणि ओहोटीला होडी लांब थांबली की तिथून मासळी किनाऱ्यावर आणायचं काम गाड्याकडे आलं. चालवायची मावशीच. साडीचा काचा मारून, पदर कमरेला खोचून ती गाडा अशी हाकते की पर्यटक फोटो काढायला थांबतात.

ती माझी सख्खी मावशी नव्हे. बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन बसते. कंपनीतलं कंत्राटी काम छातीला सोसेना म्हणून मी ते सोडलं आणि उस्तादच्या गॅरेजात लागलो, तेव्हा जेवायला मी बहुतेक वडापाववरच असायचो. उस्तादने एकदा मला मासळी आणायला तिच्याकडे पाठवलं. मी मांदेलीकडे असा बघत उभा राहिलो, की तिने विचारलं, "खाल्ली हाय का कवा?" नाही म्हणलं. काट्यांची भीती वाटते. ती म्हणाली, "अरं, मांदेली काट्यासकट खातात. तुमी घाटी लोक भाकर चावता, तिला काय कमी दात लागतात?" आणि दुसऱ्या दिवशी घरून तळून आणली. तेव्हापासून टोपलीच्या तळाला उरलेली मासळी माझी, हे ठरूनच गेलं. आजारी पडलो तेव्हा डबाही आला. परक्या गावात कुणी आपल्यासाठी तळाला चार मांदेल्या ठेवतं, ही गोष्ट मला अजून नीट सांगता येत नाही.

तर त्या मावशीची कंबर गेली. लग्न होऊन आल्यापासून तिने होडीपासून किनाऱ्यापर्यंत डोक्यावर पाट्या वाहिल्या होत्या. मणक्याच्या डॉक्टरने सांगितलं, यापुढे डोक्यावर ओझं घ्यायचं नाही, घेतलंत तर पायातली ताकद जाईल. नवरा होडीवर, सासरा थकलेला. म्हणजे गाडा चालला तर मावशीचा धंदा चालणार होता, नाहीतर पाटी पुन्हा डोक्यावर. आणि गाडा चालत नव्हता. रिकामा असला की पळायचा, भरली ट्रॉली ओल्या वाळूत ओढायची वेळ आली की घुसमटून बंद पडायचा.

टेंपोत घालून गाडा गॅरेजात आणला त्याच आठवड्यात उस्तादला भाचीच्या लग्नाला महिनाभर यूपीला जायचं होतं. त्याने कार्बोरेटर काढून हातात धरला. जुन्या छोट्या इंजिनाचाच तो कार्बोरेटर तसाच ठेवला होता, वर मिठाने खाल्लेला. "आदमी पहलवान और नाक बच्चे की," उस्ताद म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "ये तू करेगा."

मी म्हणलं, तुम्ही आल्यावर करू.

"मौसी रुकेगी क्या मेरे आने तक? तू करेगा."

कामावर विश्वास टाकला की माणूस खूश होतो म्हणे. मी मात्र परत कधी येणार ते विचारलं. तोवर मी उस्तादच्या नजरेखाली हात चालवणारा माणूस होतो. नट आवळून झाला तरी त्याच्या मानेकडे बघायचो, मान हलली की पुढचा नट.

तो गेला आणि मी कामाला लागलो. दीडशेच्या इंजिनाला शोभेल असा मोठ्या तोंडाचा कार्बोरेटर आणला, इंजिनाला जोडणारं रबर नवं घातलं, हवेची जाळी बदलली. जेट म्हणजे कार्बोरेटरातली पितळी बारीक नळी, तिच्या भोकातून पेट्रोल मापाने जातं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्याला जेट थोडं मोठं लागतं, हे उस्तादने सांगून ठेवलं होतं. मी एक नंबर मोठं घातलं. रात्री अंथरुणावर वाटलं, फार मोठं तर नाही झालं? सकाळी काढून पाहिलं, परत तेच घातलं. टाकी आतून धुतली. टाकीच्या झाकणाचं रबर तडकलं होतं, तेही नवं घातलं.

खरी भीती मला पेट्रोलचीच होती. मावशीच्या घरी गाड्यात होडीच्या डब्यातलंच पेट्रोल ओतत. त्यात ऑइल मिसळलेलं, तळाला खाऱ्या पाण्याचे थेंब. पूर्वी निभलं असेल; पण इथेनॉलचं पेट्रोल पाणी ओढून घेतं, ते तळाशी बसतं आणि कार्बोरेटरमध्ये येतं. म्हणून गाडा पोचवायला गेलो तेव्हा मी नवा डबा सोबत नेला. मावशीला म्हणलं, याच डब्यात पंपावरचं कोरं पेट्रोल आणायचं, फडक्यातून गाळून ओतायचं. पाण्याचा थेंब जाता कामा नये.

मावशीचा सासरा ओट्यावर जाळं विणत बसला होता. त्यालाही सांगितलं. "बाबा, पाण्याचा थेंब जाता कामा नये." तो म्हणाला, "बरं." चहा पिताना पुन्हा सांगितलं. निघताना फाटकातून मागे येऊन पुन्हा सांगितलं.

"कितींदा सांगशील?" मावशी म्हणाली. "पोरीला सासरी धाडतोस का?"

बाबा मात्र हसला नाही. मान हलवून म्हणाला, "बराबर हाय त्याचं. पानी जाया लागलं की संपलं."

त्या दिवशी गाड्याने भरली ट्रॉली होडीपासून किनाऱ्यापर्यंत एका दमात ओढली. आवाज ऐकूनच कळत होतं, इंजिनाला श्वास पुरतोय. मी खूश व्हायला हवं होतं. पण ट्रॉलीत पाट्यांच्या कडेला मला चुंबळ दिसली. डोक्यावर पाटी ठेवताना खाली घेतात ती कापडाची गुंडाळी, वापरून वापरून चपटी झालेली. डॉक्टरने मना केलेलं ओझं वाहायची वस्तू मावशीने सोबत घेतली होती.  तिने ती लपवलीही नाही.

काही दिवसांनी मावशीचा फोन आला. मी आवाजावरूनच समजलो.

"मिस्त्री, तुझा गाडा अर्ध्यात बसला."

"आणि मग?"

"मंग काय, आमी बी बसलो. थोड्या टायमानं चालू झाला."

मी हातातलं काम टाकून रिक्षाने घिवली गाठली. गाडा दारात उभा. किक मारली, पहिल्या किकला चालू. माझ्यासारख्याचा जीव घ्यायला असले बिघाड असतात. आपण पोचलो की शहाण्यासारखे वागतात. प्लग काढला. प्लगचं टोक पांढरट झालं होतं. म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. शेंगदाण्याच्या टरफलासारखा रंग हवा. मला वाटलं, झालं, जेट लहान पडलं, इथेनॉलचा हिशेब चुकला. एक नंबर आणखी मोठं घातलं, टाकीचं झाकण उघडून पेट्रोल भरलं, गावातून चक्कर मारली. गाडा झकास. मावशीने भाताबरोबर बोंबलाचं कालवण वाढलं. मी भात नुसता चिवडत बसलो. "काटा नाय त्यात," ती म्हणाली, "बोंबील हाय. मऊ असतो."

आठवडा गेला नाही तोच पुन्हा फोन. पुन्हा तसंच, भरून येताना मध्येच बंद, थोडा वेळ उभा राहिला की चालू. पुन्हा गेलो, कार्बोरेटर खोलून साफ केला. एक कणही मिळाला नाही. पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरलं, पाण्याचा थेंब नाही. इतकं स्वच्छ पेट्रोल तर आमच्या गॅरेजात नसतं. पुन्हा टाकी भरली, पुन्हा चालू. मला आता गाडा चालू झाला की जास्त भीती वाटायला लागली.

उस्तादला फोन लावला. मागे लग्नाची सनई. त्याने सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "पेट्रोल पहुँच रहा है क्या? पहले वो देख."

पोचतंय की, म्हणलं. टाकी भरलेली आहे, नळी उघडी आहे, जेट मोठं आहे. न पोचायला काय झालं? फोन ठेवल्यावर वाटलं, उस्तादला आता कळलं असेल की याच्यावर काम सोडायला नको होतं. ते मावशीलाही कळलंय. फक्त दोघंही बोलत नाहीत.

शेवटी ठरवलं, आपणच गाड्याबरोबर जायचं, बंद पडेल तेव्हा समोर असायचं.

ओहोटी दुपारची होती. घिवलीला पाणी मागे गेलं की आधी वाळू, मग खडकांची रांग, मग पुन्हा चिखलवट वाळू, आणि तिच्या टोकाला होड्या. बाजूच्या वीजकेंद्राच्या धुराड्यांकडे पाठ करून आम्ही निघालो. मी ट्रॉलीत, रिकाम्या पाट्यांमध्ये, मांडीवर पाने-पकड आणि चुंबळ. मावशीचा नवरा होडीत होता. त्याने पाट्या भरून दिल्या आणि पाणी फिरायच्या आत होडी नांगरायला निघून गेला. जाताना मला म्हणाला, "मिस्त्री, पवता येतं ना?" आणि हसला. मी हसलो नाही.

परतताना खडक लागायच्या आधी, जिथे वाळू सगळ्यात मऊ, तिथे इंजिनाचा आवाज पातळ झाला. मग गचका. मग काही नाही. वारा तेवढा ऐकू येत होता.

किक मारली. पुन्हा मारली. चोक ओढला. प्लग काढून पुसला. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. मघाशी कोरडी असलेली एक घळ पाण्याने भरत होती. पाणी धावून येत नाही, हे मला तेव्हा कळलं. ते वाळूच्या रेघांमधून गुपचूप पुढे सरकतं.

"मावशी, किती वेळ आहे?"

"हाय अजून." तिने पाण्याकडे न बघताच सांगितलं. मग ट्रॉलीतून चुंबळ उचलली, झटकली आणि डोक्यावर ठेवली.

"मावशी, नको."

"मासळी काय पान्याला परत देऊ? तू गाड्याचं बघ. मी दोन खेपा मारते."

"डॉक्टरने काय सांगितलंय?"

"डॉक्टर हाय का इथं? तू हायस. हात लाव पाटीला."

पाटी डोक्यावर चढवायला दुसरा माणूस लागतो. तिथे दुसरा माणूस मीच होतो. तिने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, जसं रोज शेजारणीकडे बघत असेल तसं. माझे हात पाटीकडे गेले नाहीत. मी म्हणलं, "एकदा, फक्त एकदा पेट्रोल बघू द्या. पाणी गेलं असेल." पाणी गेलं नसणार हे मला माहीत होतं. पाटीला हात लावायचा नव्हता, एवढंच.

टाकीचं झाकण फिरवलं. ते नेहमीपेक्षा घट्ट वाटलं. आणि सुटलं तेव्हा टाकीने श्वास घेतला. सूंऽ असा लांब आवाज, बुडालेला माणूस वर आल्यावर हवा ओढतो तसा.

मी झाकण हातात घेऊन तसाच उभा राहिलो. त्या क्षणी मला समुद्र दिसत नव्हता. आमच्या गावचं स्वयंपाकघर दिसत होतं. गोडेतेलाचा नवा डबा आला की आई त्याला खिळ्याने दोन भोकं पाडायची. लहानपणी विचारलं होतं, दोन कशाला? ती म्हणाली होती, एकातून तेल बाहेर, एकातून वारा आत. वारा गेला नाही तर तेल येत नाही.

पेट्रोल पोचत नव्हतं. टाकी भरलेली, नळी उघडी, जेट मोठं, आणि पेट्रोल खाली उतरायला त्याच्या जागी हवाच आत येत नव्हती. मी दर वेळी पेट्रोल भरायला झाकण उघडत होतो, हवा आत जात होती, गाडा चालू होत होता, आणि मी ते जेटच्या खात्यावर मांडत होतो.

थोडं थांबून किक मारली. तिसऱ्या किकला इंजिन बोललं. झाकण नुसतं वर ठेवलं, आवळलं नाही, वरून फडकं सैल बांधलं. "बसा मावशी," म्हणलं, "बसा आधी."

"पाटी?"

"ट्रॉलीत. सगळं ट्रॉलीत."

मी गाड्याला मागून खांदा दिला, टायर सुटले, मग पळत जाऊन ट्रॉलीला लटकलो. खडकांमधल्या वाटेवर पाणी घोट्याएवढं होतं.   कोरड्या वाळूत आल्यावर मावशी म्हणाली, "जरा हात सैल सोड. ट्रॉलीचा पत्रा वाकवशील."

दारात गाडा थांबला, तेव्हा मी झाकण नीट पाहिलं. या झाकणाच्या मधोमध हवेसाठी बोटभर काळी रबरी नळी होती. ती हँडलच्या खाली खोचलेली असते, म्हणून मी कधी निरखली नव्हती. तिच्या तोंडात काहीतरी काळं, कडक बसलं होतं. नखाने टोकरलं. वर राळ, आत कापसाचा पीळ. इतकं सफाईने भरलेलं, की नळी मुळातच बंद असावी असं वाटावं.

होडीच्या फळ्यांच्या फटी अशाच बुजवतात. कापूस ठोकायचा, वरून राळ आणि तेल.

ओट्यावरून बाबा उठून आला. माझ्या हातातलं झाकण पाहून म्हणाला, "सुटली का राळ? उन्हानं सुटली आसंल. दे, परत लावतो."

 "बाबा, तुम्ही लावली?"

"मंग? तूच बोललास ना, पान्याचा थेंब जाता नये. तीनदा बोललास. तू गेल्यावर मी समदा गाडा तपासला. झाकनाला हे भोक. म्हनलं, घाटी हाय, इसरला आसंल. उगाच बोलायचं कशाला, पोराला वाईट वाटंल. मीच बुजवलं."

शेजारच्या दोघी मासळी निवडायला आल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "बाबांनी गाडा समुद्रात सोडायचाच बाकी ठेवला." दुसरी पदर तोंडाला लावून हसायला लागली. मावशी हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, मी आता काय बोलतो म्हणून.

 त्या म्हाताऱ्याने आयुष्यभर एकच गोष्ट पाहिली होती, भोक म्हणजे मरण. आणि मी येऊन जाऊन त्याला तेच बजावत राहिलो होतो. माझ्या धसक्याचं त्याने चोख काम करून ठेवलं होतं. वर माझी चूक झाकली, असं समजून चार माणसांत बोललाही नव्हता.

"बाबा, काम पक्कं आहे तुमचं," मी म्हणलं. "पण टाकीला थोडा वारा लागतो. वारा आत गेला नाही तर पेट्रोल खाली येत नाही." तेलाच्या डब्याची गोष्ट सांगितली.

त्याने नळी बोटांत फिरवून पाहिली. मग म्हणाला, "म्हंजे पानी नको, पन वारा पायजे."

"हो."

"मंग तोंड खाली कर ना तिचं. छपराच्या नळासारखं." त्याने जाळ्याचा दोरा घेतला. मी नवी, लांब नळी लावली. त्याने ती हँडलवर उंच चढवून, तोंड खाली वळवून, जाळ्याच्या गाठीने बांधली. ती गाठ मला आजही सोडवता येत नाही. जेट मी पहिल्या नंबरवर परत आणलं. प्लग आता शेंगदाण्याच्या टरफलासारखा निघतो.

उस्ताद परत आल्यावर सगळं सांगितलं. तो हसेल वाटलं होतं. त्याने गॅरेजातल्या दोन गाड्यांची झाकणं उघडून त्यांची भोकं बघितली आणि चहा मागवला. पुढच्या कामाच्या वेळी मी सवयीने त्याच्या मानेकडे पाहिलं, तर तो तिथे नव्हताच. बाहेर कुणाशी तरी बोलत उभा होता.

काळजी गेली का? नाही. मावशीचा फोन आला की अजून हातातला पाना आधी खाली ठेवतो, मग कळतं, टोपलीला मांदेली उरली आहे. ओहोटीची वेळ अजून रोज बघतो. मागच्या आठवड्यात घिवलीला गेलो तेव्हा गाडा होडीकडे निघायच्या बेतात होता. मी ट्रॉलीत वाकून पाहिलं. पेट्रोलचा डबा खडखडू नये म्हणून त्याच्या खाली काहीतरी घातलं होतं. चुंबळ होती. पेट्रोल सांडून तेलकट, काळी झालेली. आता ती डोक्यावर घेण्याजोगी राहिलेली नव्हती.

"काय बघतोस?" मावशीने गाड्यावरून विचारलं.

काही नाही म्हणलं. झाकण एकदा हाताने चाचपलं आणि बाजूला झालो.